कालव्याच्या वाटेची कड

४ नोव्हेंबर

आज कड काढून झाली. कालव्याच्या वाटेवर पायी चालणारे आणि सायकलवाले यांच्यामध्ये घोट्याएवढी दगडी कड होती. दोघांनाही त्रासाची. सायकलचं पेडल तिला घासायचं, बाबागाडीची चाकं अडकायची, आणि गेल्या वर्षी एक आजोबा तिला अडखळून थेट सायकलीपुढे पडले. खुबा मोडला. त्यानंतर हे काम माझ्याकडे आलं.

माझा आराखडा साधा आहे. कड नाही. सगळी वाट एका पातळीत, दोन रंगांत, मध्ये पांढरी रेघ. माणसाला भिंत दिली की तो तिच्या भरवशावर बेफाम जातो. भिंत काढली की समोरच्याकडे बघतो. तीन महिन्यांची चाचणी मंजूर झाली आहे. खांबावरचा कॅमेरा मी कड काढण्याआधीच बसवून घेतला, म्हणजे आधीचं आणि नंतरचं ताडून बघता येईल. त्यात चेहरे आपोआप पुसले जातात. संगणक फक्त प्रत्येकाच्या जाण्याची रेघ काढून देतो.

फलकाचा मजकूर साहेबांनी मलाच लिहायला सांगितला. मी लिहिलं, "एकमेकांकडे बघून जा." साहेब म्हणाले, "शाळेच्या भिंतीवर शोभेल." मंजूर केला.

ऑफिसच्या नोंदींत शंकेला रकाना नसतो. म्हणून हे इथे.

घरी आईला सांगितलं, कड निघाली. ती भाजी चिरत होती. सुरी थांबली.

"सगळी?"

"सगळी."

"टोकापर्यंत?"

"पार तुझ्या बहिणीच्या दारापर्यंत." मावशी वाटेच्या दुसऱ्या टोकाला राहते. मी ऑफिसला निघाले की आई रोज तिच्याकडे जाते.

"बरं," म्हणाली आणि पुन्हा चिरू लागली. माझ्या कामाची ती एवढी चौकशी कधी करत नाही. बरं वाटलं.

९ नोव्हेंबर

वाटेच्या आमच्या बाजूच्या टोकाला एक बाक आहे. त्यावर निवृत्त खेळशिक्षक बसतात. कड निघाल्यापासून त्यांनी जुनी शिट्टी गळ्यात घातली आहे. सायकल जरा जोरात आली की फुंकतात. सगळे त्यांना शिट्टीवाले काका म्हणू लागलेत. बाकाच्या पाठीला एक लांब निळी छत्री टांगलेली असते, आभाळ कोरडं ठणठणीत असलं तरी.

मी सांगून पाहिलं. "काका, शिट्टीनं लोक दचकतात. दचकलेला माणूस चुकतो."

"दचकू दे की. दचकला की ब्रेक दाबतो."

"पण सायकली तुमच्यामुळे हळू जातात की रस्त्यामुळे, हे मला कळणार कसं? चाचणी चालू आहे."

"टेपबाई, तुम्ही रस्ता मोजा. मी माणसं बघतो."

हातात मोजपट्टी असते म्हणून या वाटेवर माझं नाव टेपबाई पडलंय. हरकत नाही. याहून वाईट नावं पडतात.

साहेबांकडे तक्रार नेली. ते म्हणाले, "त्यांनी मला शाळेत पळायला शिकवलंय. मी जाऊन शिट्टी बंद करा म्हणू? मैदानाला चक्कर मारायला लावतील."

१७ नोव्हेंबर

पहिले निकाल. सायकलींचा वेग उतरलाय. थोडक्यात टळलेल्या धडका जवळजवळ निम्म्यावर आल्या आहेत. एवढ्या लवकर एवढा फरक मला अपेक्षित नव्हता, म्हणून सगळं पुन्हा तपासलं. बरोबर आहे.

पडद्यावर सगळ्यांच्या रेघा एकाखाली एक बघितल्या. चालणाऱ्यांच्या रेघा आपापल्या अर्ध्यात, सायकलींच्या आपापल्या. फक्त एक रेघ वेगळी. रोज सकाळी येते, थांबते, रेघेपलीकडे जाते, परत येते. उसवलेल्या शिवणीसारखी. फोनमध्ये डोकं घालून चालणारं कुणीतरी असणार.

आईला आलेख दाखवला. "सुंदर," म्हणाली. कागद उलटा होता हे नंतर माझ्या लक्षात आलं. मीच तसा दिला असेन.

२३ नोव्हेंबर

आईनं शिलाई मशीन खालच्या मजल्यावरच्या बाईंना देऊन टाकलं. मला विचारलंसुद्धा नाही. बाबांच्या पश्चात त्या मशीनवर घर चाललं.

"अगं, कंटाळा आला. जन्मभर लोकांची मापं घेतली. आता तू घेतेस ना? एका घरात एक टेप पुरे."

ती हसली. मी नाही.

जेवायच्या टेबलाची एक खुर्ची मी उजेडासाठी खिडकीकडे सरकवली होती. आईची मांडी तिच्यावर आपटली आणि ती एवढी चिडली की मी बघतच राहिले. "वस्तू जागच्या जागी राहू दे गं. इंजिनियर म्हणवतेस आणि एवढं कळत नाही?" वय झालं की माणसं मांडणीच्या बाबतीत हट्टी होतात. मला समजतं, मीही तिचीच मुलगी.

फ्रिजच्या दारात कसल्याशा थेंबांची बाटली होती. विचारलं तर म्हणाली मावशीची, तिचा फ्रिज बिघडलाय. मावशीचा फ्रिज आमच्यापेक्षा नवा आहे. यंत्रांचं काही सांगता येत नाही.

२ डिसेंबर

साहेबांनी दार लावून घेतलं आणि बसायला सांगितलं. निकाल वर पोचले आहेत. चाचणी अशीच पार पडली तर शहरातल्या सगळ्या सामायिक वाटांवर हाच आराखडा, त्यासाठी एक नवा गट, आणि तो मी चालवायचा. माझ्या वयात आमच्या खात्यात कुणाला हे मिळालेलं नाही. मी म्हटलं, "चाचणी संपू द्या." ते म्हणाले, "तुम्हाला आनंद होतो का हो कधी?"

झाला होता. तो त्यांना दाखवण्याची गरज वाटली नाही.

मधला अहवाल पूर्ण केला. त्या उसवलेल्या रेघेमुळे सरासरी बिघडत होती. एक माणूस नियमच पाळत नसेल तर त्यावरून रस्त्याचं मोजमाप करता येत नाही. तळटीप दिली: "एक पादचारी वगळली आहे. कारण: वर्तन अनियमित."

आता वाचताना दिसतं की मी "वगळली" लिहिलंय. बाई आहे हे मी कशावरून धरलं, माहीत नाही. चालीवरून असेल.

११ डिसेंबर

धडक झाली.

सकाळी ऑफिसात पोचले तर फोन वाजतच होता. घरोघर पार्सलं पोचवणारी एक मुलगी सायकलवरून पडली. मनगट दोन ठिकाणी मोडलंय. मी चित्रफीत काढून बघितली.

वरून दिसतं ते असं. एक बाई, डोक्यावरून करडी शाल. हातात मिटलेली लांब छत्री, निळी. छत्रीचं टोक जमिनीवर इकडेतिकडे टेकवत चालली आहे. हळूहळू पांढऱ्या रेघेपलीकडे सरकते. डावीकडून सायकल येते. बाई थांबत नाही, वळत नाही. मुलगी तिला चुकवायला हँडल फिरवते, चाक छत्रीत अडकतं, दोघी पडतात. बाई आधी उठते. जमिनीवर हात फिरवत मुलीपर्यंत पोचते, शाल काढते, तिची कड दुमडून अंगठ्यानं दाबते आणि मुलीचा हात गळ्यात बांधून देते. मग शिट्टीवाले काका धावत येतात, त्या बाईला दंडाला धरून उठवतात आणि घेऊन जातात. शाल काढल्यावर दिसतात ते फक्त पिकलेले केस. त्या वयाच्या सगळ्याच बायकांचे असतात.

वगळलेली रेघ हीच. वेळ जुळते, वळणं जुळतात.

साहेबांनी उभ्याउभ्याच बघितलं. "रेघ कुणी ओलांडली? हिनं. मग चूक रस्त्याची नाही, हे कागदावर आलं पाहिजे. शोधा तिला."

सूचना मी लिहिली. "निळी छत्री, करडी शाल. या पादचारी महिलेबद्दल माहिती असल्यास कळवावे." सोबत धूसर चित्र. दुपारपर्यंत वाटेच्या दोन्ही टोकांना लागली. चित्रफितीतला चेहरा उघडा करून मिळावा म्हणून अर्ज करावा लागतो. त्यावरही माझीच सही.

घरी आले तर आईच्या कोपराला फडकं बांधलेलं. "कपाटाचं दार लागलं."

"त्याला रबराची पट्टी लावते."

"तू नको काही लावूस," ती एकदम म्हणाली. मग सावरून, "हात धू. वाढते."

१२ डिसेंबर

पार्सलवाली मुलगी दवाखान्यात बसून होती. माझ्याच वयाची, कदाचित लहान. मी जबाब घ्यायला आले म्हटल्यावर आधी हसली. "ताई, हाच हात लिहायचा होता."

मी विचारायचे ते प्रश्न विचारले. वेग, अंतर, ब्रेक. सगळी उत्तरं ठीक.

"बाईंनी तुम्हाला बघितलं होतं?"

"तेच तर कळत नाही. मी येताना त्यांनी मान वळवली. अगदी माझ्याकडे बघत होत्या. मला वाटलं, बघितलं, आता थांबतील. तुमच्या पाटीवर लिहिलंय ना, बघून जा. मी त्यावरच गेले. आणि त्या तशाच पुढे आल्या." थोडं थांबून म्हणाली, "पण हात काय बांधला हो. डॉक्टर म्हणाले, कुणी बांधला? इतका नेटका."

तिच्या मांडीवर ती शाल घडी करून ठेवलेली होती. तिनं ती मला दिली. सापडल्या तर द्या, म्हणाली. आणि ओरडू नका त्यांना.

शाल ऑफिसात पिशवीत घालून ठेवली.

१५ डिसेंबर

काका बाकावर होते. छत्री नव्हती.

"काका, तुम्ही तिला ओळखता."

"ओळखतो."

"छत्री तुमची होती."

"होती. तुमच्या चाचणीत मोडली."

"नाव सांगा."

"सांगितलं तर काय कराल?"

"जबाब घेईन."

"मग नाही सांगत."

मी समजावलं की लपवण्यात अर्थ नाही, चेहरा उघडा करण्याचा अर्ज गेलेला आहे, आठवड्याभरात कळेलच. तेव्हा त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघितलं. राग नव्हता. काय होतं ते मला ओळखता आलं नाही.

"अर्ज तुम्ही केलात?"

"हो."

"टेपबाई, तुम्ही घरी कधी मोजमाप घेता का हो?"

असंबद्ध उत्तरं देणारा साक्षीदार बहुधा वेळ काढत असतो. तशी नोंद केली.

१८ डिसेंबर

लोक दोन तट पाडून बसलेत. एका तटाला वाटेवर फाटक हवंय, सायकली बंद. दुसऱ्याला ती बाई सापडायला हवी आहे. सूचनेखाली कुणीतरी पेनानं लिहिलंय, "आंधळी आहे काय?" खाली आणखी कुणी, "नाही, फोनवर असेल."

अठ्ठावीसला बैठक. फाटक किंवा सगळ्या शहरात आराखडा. मधलं काही उरलेलं नाही.

आईनं मावशीकडे जाणं बंद केलंय. थंडी आहे, गुडघा धरलाय म्हणाली. सध्या वाटेवरचं वातावरण बघता बरंच झालं. दिवसभर घरात बसून असते. रेडिओसुद्धा लावत नाही. मावशीचा फोन येतो तेव्हा दार लोटून बोलते.

२० डिसेंबर

जसं घडलं तसं लिहिते.

अहवालासाठी वस्तूंचे फोटो काढायचे होते म्हणून शाल घरी आणली. बैठकीच्या खोलीतल्या आरामखुर्चीच्या डाव्या हातावर ठेवली. दिवा लागलेला होता. करडी शाल, पिवळी खुर्ची. न दिसण्यासारखं काही नाही.

आई आत आली. भिंतीला बोटांची पाठ लावत आली, हल्ली तशीच येते. खुर्चीकडे तोंड करून दोन क्षण उभी राहिली. मग बसली. शालीकडे तिचं लक्ष गेलं नाही.

मग तिचा डावा हात शालीवर पडला.

बोटं थांबली. मग कडेवरून फिरू लागली, शिवणीवरून, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. तो बारीक तिरका टाका मी लहानपणापासून बघत आले आहे. माझ्या सगळ्या फ्रॉकना होता. ऑफिसात शाल आठ दिवस माझ्याजवळ होती आणि मी तो बघितला नव्हता.

"ही कुठून आली?" आईनं विचारलं. तोंड माझ्याकडे नव्हतं, मी जिथे मघाशी बसले होते तिकडे होतं.

"ऑफिसातून," मी म्हटलं.

आवाजाच्या दिशेनं तिनं मान वळवली. अगदी माझ्याकडे बघितलं.

"मळलीय. धुवायला हवी," म्हणाली. घडी केली, कड अंगठ्यानं दाबली आणि आत घेऊन गेली.

२१ डिसेंबर

सूचना दोन्ही टोकांची काढून आणली. वाऱ्यानं फाटली असं सांगितलं. ऑफिसात मी बोललेलं हे पहिलं खोटं.

आईशी काही बोलले नाही. तीही नाही. जेवताना मीठ मागितलं तर तिनं न चुकता उचलून दिलं. डबा कायम तिथेच असतो. खुर्ची मी जागेवर ठेवली आहे.

फ्रिजमधल्या बाटलीवरचं नाव वाचलं. काचबिंदूचे थेंब. रुग्णाच्या जागी आईचं नाव आहे. या महिन्यात नवी आणली आहे असं तारखेवरून दिसतं. म्हणजे दवाखाना चालू आहे.

२३ डिसेंबर

पुठ्ठ्याचा चष्मा केला. दोन्ही बाजू बंद, समोर दोन नळ्या. हातात घरातल्या लांब झाडूची दांडी. सुट्टी होती. वाटेवर गर्दी कमी होती.

पांढरी रेघ मला दिसत होती, जोवर मी तिच्याकडेच बघत होते. समोर बघितलं की रेघ गेली. दांडी टेकवली तर इकडेही तेच, तिकडेही तेच. मी वाट सगळीकडे सारखी करून ठेवली आहे. मिलिमीटरचाही फरक नको म्हणून ठेकेदाराला दोनदा उकरायला लावलं होतं.

कुठूनतरी घंटी वाजली. कुठून, ते कळलं नाही. मी थांबले. मग शिट्टी. अगदी जवळ. मी ज्या बाजूला समजत होते त्या बाजूला नव्हते.

काकांनी दंडाला धरून बाकापर्यंत आणलं. मी चष्मा काढला.

"बाजूचं गेलंय तिचं," ते म्हणाले. "समोरचं थोडं आहे. डॉक्टर म्हणतात, आहे तेवढं टिकेल. गेलेलं येत नाही. कड होती तोवर तिला कुणाची गरज नव्हती. घराकडून इथवर भिंत, इथे माझी छत्री घ्यायची, टोक कडेला लावायचं आणि निघायचं. परत आली की छत्री इथे टांगायची आणि घरी जायचं, रिकाम्या हातानं."

"कड निघाल्यावर शिट्टी."

"मग काय करणार? तुमची पाटी वाचून दाखवू तिला?"

"मला का नाही सांगितलं?"

"मी शंभरदा म्हटलं. म्हणाली, नको. पोरीला कळलं तर ती मला सुरक्षित करील."

काकांनी माझ्याकडे न बघता पुढे सांगितलं. "म्हणाली, ह्यांना केलं तसं."

बाबांना विसर पडू लागला तेव्हा मी दाराला वरची कडी लावली होती. त्यांचा हात पोचणार नाही इतकी वर. ते पुन्हा कधी हरवले नाहीत. पुन्हा बाहेरही पडले नाहीत. ती कडी अजून तिथेच आहे.

२६ डिसेंबर

कड काढण्याआधीच्या महिन्याच्या रेघा उघडल्या. तेव्हा बघायचं कारण पडलं नव्हतं. सकाळची ती एक रेघ शोधली. कडेला लागून, या टोकापासून त्या टोकापर्यंत, रोज. इतकी सरळ रेघ मी पट्टी लावूनही काढली नसती. सगळ्या वाटेवर सगळ्यात शिस्तीत चालणारी व्यक्ती ती होती. मी तिच्यापुढे "अनियमित" लिहिलं.

उघड्या चेहऱ्याची चित्रफीत आली आहे. साहेबांनाही पोचली असेल का, हे दिवसभर कळेना. विचारलंही नाही. संध्याकाळी त्यांचा निरोप आला, "तुमच्याकडे आली ना? परवा दाखवा." म्हणजे फक्त माझ्याकडे.

मी ती उघडली नाही.

२८ डिसेंबर

बैठक. सभागृह भरलेलं. फाटकवाले पुढे, सायकलवाले मागे, काका दाराशी, शिट्टी खिशात. पार्सलवाली मुलगी प्लास्टरसकट आली होती. साहेबांनी सुरुवातीलाच माझ्याकडे वळून विचारलं.

"मॅडम, ओळख पटली?"

"पटली."

"कोण आहे?"

"पादचारी."

मागे कुणीतरी हसलं. साहेब हसले नाहीत. "नाव विचारतोय मी."

"नाव लिहायचं कारण नाही. चूक तिची नाही."

मग मी दोन्ही रेघा पडद्यावर लावल्या. कड असतानाची आणि नसतानाची. सांगितलं की ह्या बाईंना बाजूचं दिसत नाही. त्या कडेच्या आधारानं चालत होत्या आणि कड मी काढली. रंग आणि रेघ डोळ्यांना कळतात, काठीला कळत नाहीत. मधल्या अहवालात मी ही रेघ वगळली होती. ती घातल्यावर चाचणी नापास होते.

मग फाटकवाल्यांतले एक गृहस्थ म्हणाले, "म्हणजे आमचंच खरं. सायकली बंद."

"बंद करा आणि मला ट्रकांमधून पाठवा," मुलगी मागून म्हणाली. "मी काय हौस म्हणून येते या वाटेनं? मला कुणाचं नाव नको. मला वाट हवी आहे."

मी नवा नकाशा लावला. कड परत, पण बसकी. चालणाऱ्यांच्या बाजूनं उभी, सायकलच्या बाजूनं उतरती, म्हणजे चाक अडकणार नाही, पेडल घासणार नाही आणि काठीच्या टोकाला लागेल. वळणाआधी सायकलींसाठी वाट अरुंद, म्हणजे वेग आपोआप उतरेल.

"एका बाईसाठी?" साहेबांनी विचारलं.

दाराकडून काकांचा आवाज आला. "एक तुम्हाला दिसली म्हणून एक. बाकीच्या घरी बसल्यात."

फाटक नामंजूर झालं. नवी कड मंजूर झाली, फक्त याच वाटेवर. शहराचं बारगळलं. साहेबांनी कागद गोळा करताना हळू आवाजात सांगितलं, "तो गट आता होणार नाही, कळलं ना? झाला तरी तुमच्याकडे येणार नाही."

"कळलं."

"त्या बाईंना माहीत आहे का, तुम्ही त्यांच्यासाठी काय घालवलंत?"

"नाही. आणि त्यांच्यासाठी नाही घालवलं," मी म्हटलं. यातलं दुसरं वाक्य बरोबर आहे की नाही, अजून ठरवलेलं नाही.

ऑफिसात येऊन ती चित्रफीत न उघडता पुसून टाकली.

९ जानेवारी

दगड आले. मी पुठ्ठ्याचा चष्मा लावून, दांडी घेऊन दोन नमुने तपासले. पहिला फार बसका होता, दांडी वरून निसटत होती. दुसरा लागला. ठेकेदार म्हणाला, "मॅडम, तुम्ही आता आंधळी कोशिंबीर खेळायला लागलात?" मी म्हटलं, "हो. राज्य माझ्यावर आहे."

रात्री जेवताना आईला सांगितलं.

"कड परत घालतोय."

"का?"

"लोकांना हवी होती."

"कुठल्या लोकांना?"

"चालणाऱ्यांना."

ती घास चावत राहिली. मग म्हणाली, "उंच आहे?"

"बसकी. टेकवलं की कळते."

"काय टेकवलं की?"

मी चुकले होते. ताटाकडे बघत म्हटलं, "काहीही."

आईनं हात पुढे केला. टेबलावर माझा हात नेमका कुठे आहे ते तिला माहीत नसावं, तो पाण्याच्या पेल्याजवळ थांबला. मी माझा तिकडे सरकवला. आम्ही दोघींनी एकमेकींकडे बघितलं नाही.

"भाजी घे अजून," म्हणाली.

१८ जानेवारी

कड पूर्ण झाली. फलक मी उतरवून घेतला. नवा काय लिहावा सुचेना, म्हणून तिथे काही लावलेलं नाही.

घरी येऊन दाराची वरची कडी काढली. स्क्रू गंजले होते, वेळ लागला. आई आतून म्हणाली, "काय खुडबुड चाललीय?"

"कडी काढतेय."

"कुठली?"

"वरची."

ती बाहेर आली नाही. स्वयंपाकघरात नळ चालू झाला आणि बराच वेळ चालू राहिला.

त्याच स्क्रूंनी दाराशेजारी एक खुंटी बसवली. उंची आईच्या हाताएवढी.

१९ जानेवारी

ऑफिसातून आले तर खुंटीवर छत्री टांगलेली होती. निळी, मोडलेली काडी तारेनं बांधलेली. गाठ काकांची दिसते, आईची एवढी वाईट नसते. आई रेडिओ ऐकत होती. मी चपला काढल्या, आत गेले. खुंटीबद्दल ती काही बोलली नाही. छत्रीबद्दल मी काही बोलले नाही.

२० जानेवारी

सुट्टी. जागी झाले तेव्हा घरात आवाज नव्हता. खुंटी रिकामी होती. करडी शालही दोरीवर नव्हती.

आमच्या खिडकीतून वाटेचं टोक दिसतं. मी खिडकीपर्यंत गेले, पडद्याला हात लावला. मग परत आले आणि टेबलाशी बसले. खुर्ची जागच्या जागी ठेवून.

शिट्टी वाजते का ते ऐकत होते. चहा गार होईपर्यंत ऐकलं. सायकलींच्या घंट्या वाजत होत्या, माणसांचं बोलणं येत होतं.

वाजली नाही.